सावकाश बातम्या आणि वाक्यातला कर्ता

मराठी माणसाच्या इंग्रजी शिक्षणाचा इतिहास हा बहुतांशी डोळ्यांनी शिकण्याचा इतिहास आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी मराठी वाक्ये इंग्रजीत नेली, इंग्रजी वाक्ये मराठीत आणली आणि या नेआणीतून त्या भाषेचे व्याकरण अंगी मुरवले. त्यांतले कित्येक जण पुढे इंग्रजीत अर्ज, अग्रलेख आणि ग्रंथही लिहू लागले. परंतु हे इंग्रजी कागदावरचे होते. बोलणाऱ्याच्या तोंडून ते कसे येते, वाक्याचा भार कुठे पडतो, शंका घेताना आवाज कसा बदलतो, हे ऐकून शिकण्याची सोय शहरांतल्या थोड्या शाळा वगळता फारशी कुठे नव्हती. शब्द ओळखीचे आणि आवाज परका, अशी ही विचित्र सोयरीक होती.

आम्ही चौघे याच सोयरिकीतले. महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २०००-०१ या वर्षी. आम्ही त्याआधीचे, पाचवीत एबीसीडी गिरवलेले. कृष्णाकाठच्या चार गावांतून आलो, सांगलीत बी.ए.ला एकत्र भेटलो आणि चौघांनीही इंग्रजी हा मुख्य विषय घेतला. तो का घेतला याची प्रत्येकाची कारणे वेगळी होती, आणि त्यांत साहित्यावरचे प्रेम हे कारण फारसे वर नव्हते. इंग्रजी घेतलेल्याला नोकरी लागते, हे घरच्यांनी ऐकलेले होते. वर्गात मात्र परिस्थिती अशी की प्राध्यापक आय. ए. रिचर्ड्‌सचे अर्थाचे चार प्रकार समजावून सांगत आणि आम्ही ते गाईडातून पाठ करत असू. आशय, भावना, सूर आणि हेतू. पैकी ‘सूर’ म्हणजे काय हे आम्हांला कळण्याचा मार्गच नव्हता, कारण इंग्रजी वाक्य कोणत्या सुरात म्हटले जाते हे आम्ही ऐकलेलेच नव्हते. उपरोध कुठला आणि गांभीर्य कुठले, हे गाईडात कंसात लिहिलेले असे, म्हणून कळे. ज्या भाषेतील कवितेची समीक्षा आम्ही परीक्षेत लिहीत होतो, त्या भाषेतील साधे बोलणे आमच्या कानांना लागत नव्हते. तासाला आम्ही गप्प बसत असू. आमच्यातली एक जण तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस विषय बदलून मराठी घ्यावे या विचारापर्यंत आली होती.

तिच्याच घरी तो रेडिओ होता. तिचे वडील सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांसाठी तो लावत. त्यानंतर तो मोकळा असे. एकदा शॉर्टवेव्हचा काटा फिरवताना तिला एक इंग्रजी आवाज सापडला, आणि तिने दुसऱ्या दिवशी आम्हांला येऊन सांगितले की या माणसाचे सगळे कळते. आमचा विश्वास बसला नाही. इंग्रजी बातम्यांतले ‘सगळे कळणे’ आमच्या अनुभवात बसणारे नव्हते. रविवारी आम्ही तिच्या घरी जमलो. तो आवाज होता व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या ‘स्पेशल इंग्लिश’ या कार्यक्रमाचा.

या कार्यक्रमाची थोडी माहिती येथे द्यायला हवी. १९ ऑक्टोबर १९५९ रोजी तो सुरू झाला. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा जगभरच्या श्रोत्यांसाठी बातम्या आणि लेख सोप्या इंग्रजीत सांगायचे, हा त्यामागचा उद्देश. नियम मोजके होते. शब्दसंख्या सुमारे दीड हजार. वाक्य लहान, आणि एका वाक्यात शक्यतो एकच विचार. वाक्प्रचार टाळायचे. कर्तरी प्रयोग वापरायचा, म्हणजे कोणी केले ते आधी आणि काय केले ते नंतर. निवेदनाची गती नेहमीच्या इंग्रजी निवेदनाच्या सुमारे दोन-तृतीयांश, मिनिटाला नव्वद शब्दांच्या आसपास. आपल्या आकाशवाणीवर एके काळी ‘धीमी गति के समाचार’ असत. लहान वृत्तपत्रांना ते ऐकून उतरवून घेता यावेत म्हणून. तेथे गती कमी होती, परंतु भाषा तीच होती. येथे भाषाच वेगळी घडवलेली होती.

रोजच्या बातम्यांखेरीज ‘इन द न्यूज’ नावाचे एक साप्ताहिक सदर असे. आठवड्यातली एखादी मोठी घटना घेऊन चार-साडेचार मिनिटांत तिची गोष्ट सांगितली जाई. स्टीव्ह एम्बर यांचा आवाज आम्ही या सदरातूनच ओळखू लागलो. शनिवारी ती गोष्ट यायची आणि आमचा पुढचा आठवडा तिच्यावर जायचा. पहिल्यांदा नुसते ऐकायचे. टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून ध्वनिमुद्रण करायचे आणि दुसऱ्यांदा वही घेऊन ऐकायचे. मग सायबर कॅफेत जाऊन त्याच गोष्टीचा मजकूर छापून आणायचा आणि आमच्या वहीतील मजकुराशी तो ताडून पाहायचा. त्या काळी भारनियमन इतके होते की कॅफेत बसल्यावर अर्ध्यातच वीज जाई. तेव्हा मजकूर आधी छापून घ्यायचा आणि मग वाचायचा, ही शिस्त आम्हांला लागली. चौथ्यांदा एकाने वाचून दाखवायचे आणि इतरांनी डोळे मिटून ऐकायचे.

यात साप्ताहिकतेचा वाटा किती होता, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. रोजची बातमी ही घाईची असते. तिला मागचे-पुढचे सांगायला वेळ नसतो. ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक आहे असे ती गृहीत धरते. आठवड्याने सांगितलेली बातमी थोडी निवलेली असते. तिला आरंभ असतो, माणसे ठरलेली असतात, काय घडले आणि त्यावर कोण काय म्हणाले याचा क्रम लागलेला असतो. तिची जात कथेला जवळची. आणि याहून महत्त्वाचे हे की ती आमच्यापर्यंत येईतो आम्ही तीच घटना आठवडाभर मराठीत वाचलेली असे. कॉलेजच्या वाचनालयात ‘पुढारी’ आणि ‘सकाळ’ येत. त्सुनामी असो की इराक, माणसांची आणि गावांची नावे, मृतांचे आकडे, कोणी कोणावर आरोप केले, हे सारे मराठीतून डोक्यात आधीच जाऊन बसलेले असे. शनिवारचे इंग्रजी त्या तयार जमिनीत पडे. आम्हांला अनोळखी शब्दाचा अर्थ लागे तो शब्दकोशामुळे नव्हे, तर तेथे कोणता अर्थ असायला हवा हे आम्हांला मराठीने सांगून ठेवलेले असल्यामुळे.

मराठी माध्यमाचा मुलगा इंग्रजीत मागे पडतो कारण त्याच्या डोक्यात मराठी असते, असे आम्हांला लहानपणापासून ऐकवले गेले होते. इंग्रजीत विचार करायला शिका, हा उपदेश तर प्रत्येक भाषणात असे. आमचा अनुभव नेमका उलटा होता. ज्या आठवड्यात आम्ही मराठी वर्तमानपत्र नीट वाचलेले नसे, त्या आठवड्यात तेच दीड हजार शब्द आमच्या कानांवरून निघून जात.

स्पेशल इंग्लिशची आणखी एक लकब आम्हांला फार आवडे. यादीबाहेरचा एखादा शब्द वापरणे भागच असले तर तो वापरून, पुढच्या श्वासातच त्याचा खुलासा केला जाई. ऐकणाऱ्याला अडाणी न ठरवता, गोष्ट न थांबवता, जाता जाता. मराठीच्या विद्यार्थ्यांना ही रीत परकी वाटू नये. महानुभाव पंथातील पंडित शिष्यांना नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू नका असे सांगितले, ते पंथातल्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका त्यापासून वंचित राहतील म्हणून. ‘लीळाचरित्रा’तील लहान लहान वाक्ये वाचताना आम्हांला पुढे अनेकदा वाटले की सोपेपणा हा अज्ञानाचा नसून ऐकणाऱ्याविषयीच्या आस्थेचा असू शकतो. अर्थात अमेरिकन सरकारच्या पैशाने चालणारे नभोवाणी केंद्र आणि तेराव्या शतकातील पंथ यांचे हेतू एक नव्हते. या फरकाकडे पुढे वळूच.

२००५ साली ऑगस्टच्या आरंभी सांगलीत महापूर आला. त्याआधी २६ जुलैला मुंबईत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे होते. इकडे कृष्णा आणि वारणा चढत गेल्या. सांगलीत पावसाळ्यात एकच प्रश्न विचारला जातो, ‘आयर्विनला किती फूट?’ आयर्विन पुलावरची ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी पन्नास फुटांच्या वर गेले. कोयनेतून पाणी सोडले जात होते, पाऊस थांबत नव्हता आणि खाली कर्नाटकात अलमट्टी धरणात किती पाणी अडवले आहे, यावर दोन राज्यांत वाद चालला होता. आमच्यापैकी दोघांच्या घरांत पाणी शिरले. एकाच्या घरी ते माळ्यापर्यंत गेले. गुरे आधीच वर नेली होती म्हणून वाचली, वैरण मात्र सगळी गेली. ओल्या वह्या उन्हात वाळवत बसणे हे आमचे त्या महिन्यातले मुख्य काम होते.

त्यानंतर अमेरिकेत २९ ऑगस्टला कतरिना वादळ धडकले. न्यू ऑर्लिन्सचे तट फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. सप्टेंबरमध्ये आम्ही त्याची साप्ताहिक गोष्ट ऐकली आणि ती पहिल्याच ऐकण्यात जवळजवळ संपूर्ण कळली. छपरावर बसून वाट पाहणारी माणसे, पिण्याच्या पाण्याचे हाल, मदत उशिरा आल्याचा राग, हे समजायला आम्हांला भाषेची गरजच उरली नव्हती. एकच शब्द अडला, ‘लेव्ही’. त्याचाही खुलासा लगोलग आला आणि आमच्यापैकी एक जण म्हणाला, ‘म्हणजे बांध की रे!’ त्या दिवशी आम्हांला इंग्रजी आले असे नव्हे. परंतु ती भाषा आमच्याविषयी बोलू शकते, असे पहिल्यांदा वाटले.

मात्र ती आमच्याविषयी बोलत नव्हती. मुंबईचा पाऊस जगाच्या बातम्यांत आला. सांगली निदान आमच्या ऐकण्यात तरी आली नाही. तेव्हा आम्ही ठरवले की आपणच सांगलीची गोष्ट लिहायची. चार मिनिटांची, त्याच दीड हजार शब्दांत, त्याच नियमांनी. शब्दसूची आम्ही छापून घेतलेली होतीच. जवळ वर्तमानपत्रांची कात्रणे होती. त्यांतली वाक्ये एकेक घेऊन इंग्रजीत न्यायची, तर्खडकरी पद्धतीनेच, असा बेत होता.

पहिल्याच वाक्याला आम्ही अडलो. वाक्य साधे होते, ‘धरणातून पाणी सोडण्यात आले.’ नियमाप्रमाणे कर्तरी प्रयोग हवा. कोणी सोडले? वाक्यात कोणीच नव्हते. पुढचे वाक्य घेतले, ‘नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले.’ कोणी हलवले? आमच्या घरच्यांना तर शेजारच्या पोरांनी काहिलीत बसवून बाहेर काढले होते. तिसरे वाक्य होते, ‘पूरग्रस्तांना मदत देण्यात येईल.’ कोण देईल आणि कधी? आठ-दहा कात्रणे आम्ही पालथी घातली. ‘इशारा देण्यात आला’, ‘पंचनामे करण्यात आले’, ‘आढावा घेण्यात आला’. इतका मोठा पूर येऊन गेला आणि त्यात कोणी काहीच केले नव्हते. सगळे करण्यात आले होते.

ही रचना आम्ही आयुष्यभर वाचत आलो होतो. ती आमच्या डोळ्यांना कधी खुपली नव्हती. कचेरीच्या मराठीतून ती वर्तमानपत्रात आली आणि वर्तमानपत्रातून आमच्या निबंधांत. ती भारदस्त वाटे. आता एका परक्या, तोकड्या, पोरकट म्हणाव्या अशा इंग्रजीने आम्हांला तिच्यापुढे थांबवले होते आणि एकच गोष्ट मागितली होती, वाक्याचा कर्ता. ती मागणी व्याकरणाची होती. परंतु तिचे उत्तर व्याकरणात नव्हते. धरणाचे दरवाजे उघडण्याचा निर्णय कोण घेते, तो कोणत्या पातळीला घ्यायचा हे कोण ठरवते, खालच्या गावांना किती तास आधी कळवायचे असते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्याच पुरात आमची घरे बुडाली होती आणि आम्ही ते विचारलेही नव्हते. आम्ही विचारायला निघालो. पाटबंधारे खात्याच्या एका कचेरीत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा वेगवेगळी उत्तरे घेऊन परतलो. सरतेशेवटी आम्ही लिहिले की अधिकाऱ्यांनी धरणाचे दरवाजे उघडले. कोणते अधिकारी, ते आम्हांला लिहिता आले नाही. पण ‘सोडण्यात आले’ यापेक्षा ते वाक्य सत्याच्या एक पायरी जवळ होते. अमेरिकेत मात्र जून २००६ मध्ये सैन्याच्या अभियंता विभागाने तटांच्या बांधणीतील दोष मान्य करणारा अहवाल दिला. तेथल्या वाक्याला निदान एक कर्ता मिळाला, हे आम्ही तेव्हा लक्षपूर्वक ऐकले.

येथपर्यंत सांगितलेले ऐकून कोणाला वाटेल की आम्ही या सोप्या इंग्रजीचे गोडवे गात आहोत. तसे नाही. त्याच गोष्टीत आम्हांला एक वाक्य घालायचे होते, ते आमच्यापैकी एकाच्या आजीचे. पाणी ओसरल्यावर भिंतीवरची ओलीची रेघ पाहत ती म्हणाली होती, ‘माई घरात येऊन गेली.’ आम्ही त्याचे इंग्रजी केले तेव्हा नदीचे पाणी घरात शिरले, एवढेच उरले. माई गेली, तिचे येणे गेले, आणि माहेरवाशीण यावी तसे येऊन जाणेही गेले. आजीच्या वाक्याला कर्ता होता. पण स्पेशल इंग्लिशच्या दृष्टीने तो कर्ता चालण्यासारखा नव्हता. म्हणजे एकाच पाण्याविषयी आमच्यापुढे तीन व्याकरणे होती. कचेरीच्या मराठीत कोणीच कर्ता नव्हते. आजीच्या मराठीत नदी कर्ती होती. सावकाश इंग्रजीत माणूस कर्ता होता. पहिल्याने कोणालाही जबाबदार धरता येत नव्हते, दुसऱ्याने दुःख सोसता येत होते, तिसऱ्याने प्रश्न विचारता येत होता. यांतले एकच ठेवा आणि बाकीची टाका असे कोणी म्हटले असते, तर आम्हांला निवड करता आली नसती.

शब्दांच्या यादीचेही तसेच. ती मुळात बातम्यांसाठी केलेली यादी होती. तिच्यात राजदूत होता, दारूगोळा होता, युद्धबंदी होती, राजकीय आश्रय होता. आमच्या घरातले पाणंद, वाफसा, वैरण तिच्यात असण्याचे कारण नव्हते; वाफशाला तर थोरल्या इंग्रजीतही नेमका शब्द नाही. दीड हजार शब्द कोणते, हे ठरवणारा माणूस जगातली कोणती दुःखे सांगण्याजोगी आहेत, हेही ठरवत असतो. व्हॉइस ऑफ अमेरिका हे १९४२ साली, युद्धकाळात सुरू झालेले सरकारी पैशाचे केंद्र. अचूक आणि समतोल बातम्या देण्याचे बंधन त्याच्यावर १९७६ च्या कायद्याने घातलेले होते, आणि अमेरिकेची धोरणे जगाला समजावून सांगणे हेही त्याच सनदेत लिहिलेले होते. इराकच्या गोष्टी ऐकताना आम्ही कर्ता शोधण्याचा तोच खेळ या इंग्रजीवरही खेळू लागलो. कोणत्या वाक्यात सैनिक कर्ते आहेत आणि कोणत्या वाक्यात नुसता बॉम्ब कर्ता आहे, हे आम्ही वहीत खुणा करून पाहत असू. रिचर्ड्‌सचा ‘हेतू’ आणि ‘सूर’ गाईडातून जे कधी कळले नव्हते, ते येथे कळू लागले.

रिचर्ड्‌सचे नाव पुन्हा आले ते योगायोगाने नव्हे. ज्यांची ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) आपण समीक्षेच्या अभ्यासक्रमात शिकतो, तेच रिचर्ड्‌स सी. के. ऑग्डन यांच्या ‘बेसिक इंग्लिश’चे मोठे पुरस्कर्ते होते. ऑग्डन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांचे इंग्रजी मांडले. कवितेतील अर्थाच्या सूक्ष्म छटा वाचायला शिकवणारा समीक्षक ८५० शब्दांच्या भाषेचा प्रचार करत देशोदेशी फिरतो, याचे आम्हांला विद्यार्थिदशेत नवल वाटले असते. आता वाटत नाही. शब्द कमी केले की प्रत्येक शब्दाकडे अधिक काळ पाहावे लागते.

आणि जॉर्ज ऑर्वेल. ऑर्वेलचा आमच्या या विषयाशी संबंध आहे तो दुहेरी. ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) मधील न्यूस्पीक सर्वांना ठाऊक आहे. वर्षागणिक शब्द कमी करत न्यायचे, म्हणजे राज्याविरुद्ध विचार करायला शब्दच उरणार नाहीत. लहान शब्दसूचीवर याहून जहाल टीका झालेली नाही. परंतु ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ या १९४६ च्या निबंधात लहान शब्द वापरा, अनावश्यक शब्द गाळा, कर्तरी प्रयोग शक्य असेल तेथे कर्मणी टाळा, असे सांगणारा लेखकही हाच. स्पेशल इंग्लिशचे नियम त्या निबंधाशेजारी ठेवून पाहावेत. नाते चटकन दिसते.

मराठी वाचकाला विशेष वाटावे असे पुढेच आहे. १९४१ ते १९४३ या काळात ऑर्वेल बीबीसीच्या पूर्वेकडील विभागात नोकरीला होते आणि हिंदुस्थानासाठी ते आठवड्याची युद्धवार्ता लिहीत. त्यांतल्या काही संहिता भारतीय भाषांत भाषांतर होऊन प्रक्षेपित होत, आणि त्या भाषांत मराठी होती. त्या कचेरीत त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या वेणू चितळे या कोल्हापूरकडच्या. पुढे त्यांनी ‘इन ट्रान्झिट’ (१९५०) ही इंग्रजी कादंबरी लिहिली. म्हणजे आम्ही कृष्णाकाठी बसून इंग्रजी साप्ताहिक बातमीपत्राशी झटत होतो, त्याच्या साठ वर्षे आधी ऑर्वेलच्या साप्ताहिक बातमीपत्राचे मराठी कोणीतरी लंडनमध्ये बसून करत होते. त्या मराठी बातमीपत्रांत कर्ता असे की ‘करण्यात आले’ असे, हे पाहायला आम्हांला फार आवडेल.

न्यूस्पीकचे भय आणि आमचा अनुभव यांचा मेळ कसा घालायचा, यावर आम्ही पुढे अनेक वर्षे बोलत आलो. आमचे उत्तर असे आहे. लहान भाषा माणसाचा विचार लहान करते ती तिच्याशेजारी दुसरी भाषा नसेल तेव्हा. न्यूस्पीकची भीती शब्द कमी असण्यात नाही. जुनी भाषा पुसली जाण्यात आहे, तुलना करायला काही न उरण्यात आहे. आमच्या दीड हजार शब्दांशेजारी आजी होती, वर्तमानपत्र होते, शाळेतली कविता होती. म्हणून ते दीड हजार शब्द आम्हांला अपुरे आहेत हे कळत होते, आणि त्याच वेळी त्यांच्या उजेडात आमच्या मराठीतली लपवाछपवीही दिसत होती. दोन्ही भाषा एकमेकींच्या चुका काढत होत्या.

आज आम्ही चौघेही शिक्षक आहोत. तिघे इंग्रजीचे आणि विषय बदलायला निघालेली ती एक जण भाषांतराची. आमच्यापुढे बसणाऱ्या मुलांपैकी अनेक जण आता बालवाडीपासून इंग्रजी माध्यमातली असतात. त्यांचे उच्चार आमच्याहून चांगले आहेत, याचा आम्हांला आनंदच आहे. पण वर्तमानपत्र मराठीत वाचता येत नाही आणि इंग्रजीत वाचावेसे वाटत नाही, असे सांगणारी मुले दर वर्षी भेटतात. त्यांचे इंग्रजीही पुष्कळदा दीड हजार शब्दांच्या आसपासचेच असते; फरक एवढाच की त्याच्याशेजारी दुसरे काही उभे नसते. आजीच्या वाक्याचे भाषांतर होत नाही, हे कळायला आधी आजीचे वाक्य कळावे लागते. मुलाला इंग्रजी यावे म्हणून घरातून मराठी काढून टाकणारे आईबाप त्याच्या पायाखालची शिडीच काढून घेत असतात, हे आम्ही पालकांच्या सभेत सांगतो. ऐकणारे थोडे असतात. त्यांचाही दोष नाही. नोकरीच्या मुलाखतीत काय विचारले जाते हे त्यांनी पाहिलेले असते.

‘स्पेशल इंग्लिश’ हे नाव पुढे गेले आणि त्या जागी ‘लर्निंग इंग्लिश’ आले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकन अध्यक्षांच्या एका आदेशानंतर व्हॉइस ऑफ अमेरिकाचे बहुतेक सर्व कर्मचारी रजेवर पाठवले गेले आणि ते केंद्र गप्प झाले. ती बातमी आम्ही मराठीत वाचली. मथळ्यात ‘प्रक्षेपण बंद करण्यात आले’ असे होते, आणि आमच्या चौघांच्या भ्रमणध्वनीवर थोड्या वेळाच्या अंतराने एकच प्रश्न फिरला, कोणी केले? या वेळी कर्ता शोधायला कचेरीत जावे लागले नाही. आदेशाखाली सही होती.

आता ऐकण्याच्या सोयींची वाण नाही. कोणत्याही आवाजाची गती बोटाने कमी करता येते, खाली अक्षरे उमटतात, शब्दावर बोट ठेवले की अर्थ येतो. आम्ही वर्गात त्या सोयी वापरतो. तरी आठवड्यातून एक तास आम्ही जुन्या रीतीने घेतो. एक मराठी बातमी फळ्यावर लिहायची, तीच बातमी आठवडाभराने इंग्रजीत ऐकायची, आणि दोहोंतील प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढून त्याचा कर्ता शोधायचा. २०१९ च्या पुरात आयर्विनला पाणी ५७ फुटांपर्यंत गेले, तेव्हाची कात्रणेही आमच्या पेटीत आहेत आणि ती दर वर्षी वर्गात निघतात. गेल्या वर्षी एका मुलीने ‘सोडण्यात आले’ या शब्दांखाली रेघ ओढली, कर्त्याच्या जागी प्रश्नचिन्ह काढले आणि विचारले की हे उत्तर इंग्रजीत लिहायचे की मराठीत. आम्ही म्हटले, आधी शोध. मग दोन्हींत लिही.